टाळी कुणासाठी?

गेल्या महिन्यात आमच्या नातवाने मला एक युद्धपट दाखविला. सॅम मेंडिस या दिग्दर्शकाचा २०१९ सालचा ‘१९१७’. पहिल्या महायुद्धातील दोन इंग्रज शिपाई एक निरोप घेऊन शत्रूच्या मुलखातून जातात, एवढीच कथा. पण कॅमेरा त्यांच्या मागोमाग असा चालतो, की सारा चित्रपट एका दमात घेतला असावा असे वाटते. शेवटाकडे त्यांतील एक शिपाई खंदकाबाहेर पडून धावत सुटतो. हल्ल्यासाठी निघालेली पलटण त्याच्या वाटेत आडवी येत असते, भोवती तोफगोळे फुटत असतात, माणसे कोसळत असतात. नातवाने बसल्या जागी टाळी दिली. “आजोबा, हा शॉट बघा! काय भारी घेतलाय!”

शॉट भारी होता यात शंका नाही. मी मान डोलावली. पण ती टाळी ऐकली आणि मला माझी स्वतःची एक टाळी आठवली. तिला आता पासष्ट वर्षे होत आली.

१९६१ सालचा हिवाळा. मी पंधरा वर्षांचा होतो. इंदुरात तेव्हा परदेशी चित्रपटांचा नाद लागलेली काही मंडळी होती. कुठून तरी जुनी रिळे मिळवावीत, एखाद्या शाळेचे दालन मागून घ्यावे, भिंतीवर पांढरी चादर ताणावी आणि ओळखीपाळखीच्यांना बोलवावे, असा त्यांचा उद्योग चाले. त्यांनी ‘ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा बोलपट आणला. माझ्याबरोबर घरून तात्या आले. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे बंधू. तरुणपणी साताऱ्याकडून मराठा पलटणीत भरती होऊन ते मेसोपोटेमियात गेले होते. परत आल्यावर आजोबांच्या आश्रयाने इंदुरास आले आणि होळकर सरकारच्या नोकरीत चिकटले. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ सोडला तर त्यांनी दुसरा बोलपट पाहिल्याचे मला आठवत नाही. लढाईविषयी ते घरात कधी बोलत नसत. त्या दिवशी ते का आले, हेही त्यांनी सांगितले नाही.

एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने निघाली आणि लगेच १९३० साली लुईस माइलस्टोन यांनी अमेरिकेत तिच्यावर हा चित्रपट काढला. पॉल बॉयमर आणि त्याचे वर्गमित्र ही जर्मन पोरे. मास्तरांच्या आवेशाच्या व्याख्यानाने पेटून ती वर्गातून उठून भरती होतात. अर्धा-पाऊण तास त्यांच्यासोबत घालविल्यावर ती आपलीच वाटू लागतात. मग फ्रेंच शिपायांची लाट मैदानातून धावत येते. जर्मन खंदकातील मशीनगन सुरू होते, कॅमेरा तिच्या तोंडाबरोबर सरकत जातो, आणि धावणारी माणसे कापलेल्या ज्वारीसारखी ओळीने आडवी होतात. आम्हा पोरांनी शिट्या मारल्या, टाळ्या पिटल्या. तात्या शेजारी गप्प बसून होते.

परत येताना राजवाड्यापाशी त्यांनी विचारले, “टाळ्या कशाला वाजवल्यास रे?”

“शत्रू मेले ना, तात्या.”

“कुणाचे शत्रू?”

मी गोंधळलो. “आपले... म्हणजे त्या पॉलचे.”

“ते फ्रेंच होते. आम्ही इंग्रजांकडून लढत होतो, आणि फ्रेंच इंग्रजांच्या बाजूचे. म्हणजे ते माझ्या बाजूचे झाले.” चार पावले चालून ते म्हणाले, “माझ्या बाजूची माणसं मेली, म्हणून तू टाळ्या दिल्यास.”

हे ते रागाने म्हणाले नाहीत. हिशेबातील चूक दाखवावी तसे म्हणाले. पण ती चूक मला जन्मभर पुरली. त्यानंतर जेव्हा जेव्हा खंदकांच्या लढाईचा चित्रपट पाहण्याचा योग आला, तेव्हा तेव्हा मी एक गोष्ट आवर्जून पाहत आलो: हा चित्रपट माझ्याकडून टाळी घेतो, की ती हातातच थांबवितो?

लाट आणि परतीची लाट

पुढे हाच चित्रपट मी तीन-चार वेळा पाहिला, तेव्हा ध्यानात आले की माइलस्टोन यांनी माझ्या टाळीची सोय तिथेच करून ठेवली होती. फ्रेंचांची लाट कापली जाते, थोडे फ्रेंच खंदकात उतरतात, संगिनी आणि फावडी यांची झटापट होते. मग जर्मन पोरे उलटा हल्ला करतात, आणि आता फ्रेंचांची मशीनगन सुरू होते. कॅमेरा तसाच सरकतो, माणसे तशीच ओळीने पडतात. पडणारी आता ‘आपली’ असतात. शेवटी दोन्ही बाजू होत्या तिथेच परत येतात. एक हातभर जमीन इकडची तिकडे होत नाही. या धुमश्चक्रीतच एक क्षणभराचे दृश्य आहे: गोळा फुटतो, धूर विरतो, आणि काटेरी तारेला घट्ट धरलेले दोन हात तेवढे मागे राहतात. माणूस नाही. ज्याने टाळी दिली असेल त्याने ते हात पाहून घ्यावेत.

१९१४ च्या अखेरीस बेल्जमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत सुमारे सातशे किलोमीटर लांबीची खंदकांची रांग उभी राहिली आणि पुढली तीन-साडेतीन वर्षे ती फारशी हलली नाही. त्यातील शिपायाचे बहुतेक दिवस हल्ल्यात जात नसत. चिखलात, उवांत, उंदरांत आणि वाट पाहण्यात जात. ही वाट पाहणे पडद्यावर आणणे सर्वांत कठीण. माइलस्टोन ते एका भुयारी खोलीत आणतात. वर तोफांचा भडिमार चालू आहे, छतातून माती गळते आहे, पाव उंदरांनी कुरतडला आहे. पोरे फावडी घेऊन उंदरांवर तुटून पडतात आणि त्या मारण्यात त्यांना जो आनंद होतो तो पाहून आपल्याला शहारा येतो. एक नवखा पोर ते सहन न होऊन बाहेर पळत सुटतो.

आणि तो जोड्यांचा प्रसंग. केमरिश नावाच्या पोराचा पाय इस्पितळात कापलेला आहे. नसलेल्या पायाची बोटे दुखतात म्हणून तो कण्हतो आहे. त्याच्या खाटेखाली उंची कातड्याचे बूट आहेत. मित्र ते मागतो. दुष्टपणाने नव्हे, उपयोगी वस्तू वाया जाऊ नये म्हणून. मग ते बूट एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जातात, आणि आपण माणसांकडे न पाहता बुटांकडे पाहू लागतो. त्या रात्री घराच्या पायऱ्या चढताना तात्या एवढेच म्हणाले होते, “जोड्यांचं मात्र खरं दाखवलंय.”

खड्ड्यातील रात्र तर कुणी विसरू शकत नाही. पॉल एका फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि मग त्याच्याच शेजारी अडकून पडतो. त्याला पाणी पाजतो, क्षमा मागतो, त्याच्या खिशात बायकामुलांची छायाचित्रे सापडतात. तो मरणारा फ्रेंच झाला होता रेमंड ग्रिफिथ, मूकपटांतील नावाजलेला विनोदी नट. लहानपणी आजारात आवाज गेल्यामुळे बोलपटांत त्याला जागा उरली नव्हती. इथे त्याला एक शब्दही बोलायचा नाही, आणि सबंध चित्रपटात त्याच्याइतके कुणी बोलत नाही.

ज्यांना टाळ्याच हव्या होत्या त्यांना हा चित्रपट झोंबला यात नवल नाही. ५ डिसेंबर १९३० रोजी बर्लिनच्या चित्रगृहात गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझी मंडळींनी दुर्गंधीच्या नळ्या फोडल्या, प्रेक्षकांत पांढरे उंदीर सोडले. आठवडाभरात जर्मनीत चित्रपटावर बंदी आली. १९३३ च्या मे महिन्यात रेमार्कची पुस्तके होळीत गेली. पडद्यावरील उंदीर सहन न झाल्याने खरे उंदीर सोडावे लागले, असेच म्हणायचे!

जे खंदकातून परत आले होते

युद्ध चालू असतानाच पडद्यावर खंदक आला होता. १९१६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात ‘बॅटल ऑफ द सोम’ हा मूकपट लागला आणि सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी लोकांनी तो पाहिला असे मानतात. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, ब्रिटिशांचे ५७,४७० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांत मेलेले १९,२४०. चित्रपटातील जखमींचे चेहरे खरे आहेत. पण शिपाई खंदकातून उसळी घेऊन बाहेर पडतात हे त्यातील सर्वांत गाजलेले दृश्य मात्र आघाडीपासून दूर, शिक्षणाच्या तळावर मुद्दाम घेतलेले आहे. जे लोकांच्या सर्वांत ध्यानात राहिले तेच खोटे निघावे, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

१९१८ च्या ऑक्टोबरात, युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, चॅप्लिनने ‘शोल्डर आर्म्स’ काढला. त्यात पाण्याने भरलेल्या भुयारात चार्ली पाण्याखालच्या बिछान्यावर निजतो आणि ग्रामोफोनचा कर्णा तोंडाला लावून श्वास घेतो. आपण पोट धरून हसतो. पण मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात, जिथे मराठा पलटणीही अडकल्या होत्या, १९१६ च्या जानेवारीत तैग्रीस नदीचे पाणी खऱ्याच खंदकांत शिरले आणि दोन्ही फौजांना पुढल्या रांगा सोडाव्या लागल्या. हे वाचल्यापासून माझे ते हसणे अर्ध्यावर थांबते.

फ्रान्सच्या आबेल गान्स यांनी १९१९ साली ‘जाक्यूझ’मध्ये मेलेल्या शिपायांना रणांगणावरून उठवून गावाकडे चालायला लावले. आमच्या मरणाचे तुम्ही काय केलेत, हे ते गावकऱ्यांना विचारायला येतात. त्या प्रेतांची कामे रजेवर आलेल्या खऱ्या शिपायांनी केली होती, आणि त्यांतील बहुतेक आघाडीवर परतून थोड्याच दिवसांत मारले गेले, असे गान्स यांनी पुढे सांगितले.

जर्मनीत पाब्स्ट यांचा ‘वेस्टफ्रंट १९१८’ रेमार्कच्या चित्रपटाच्याच साली, १९३० मध्ये, आला. तो अधिक कोरडा आहे. त्याचा शेवट इस्पितळ बनविलेल्या एका चर्चमध्ये होतो. वेडा झालेला लेफ्टनंट जयजयकार करीत आणला जातो. मरून गेलेल्या जर्मनाचा हात शेजारच्या जखमी फ्रेंचाने धरलेला आहे, आणि आपण शत्रू नाही असे तो त्याला सांगतो आहे. मग पडद्यावर ‘समाप्त’ उमटते, पण त्यापुढे प्रश्नचिन्ह असते. १९३३ साली नाझींनी यावरही बंदी घातली. प्रश्नचिन्हाचे उत्तर सहा वर्षांनी मिळाले.

पण खंदकाची भीती कानांना कशी ऐकू येते, हे ज्यांना जाणायचे असेल त्यांनी रेमों बेर्नार यांचा १९३२ सालचा ‘लाकडी क्रूस’ हा फ्रेंच चित्रपट पाहावा. रोलां दोर्जलेस यांच्या १९१९ सालच्या कादंबरीवर तो आहे. त्यात काम करणारे बहुतेक सारे लढाईतून आलेले होते, आणि चित्रण शाम्पान्य प्रांतातील प्रत्यक्ष रणभूमीवर झाले. तिथे खणताना जुनी प्रेते आणि न फुटलेले गोळे वर येत. त्यात असा प्रसंग आहे: खंदकातील शिपायांना पायाखालून ठकठक ऐकू येते. जर्मन खाली सुरुंग खणत आहेत. जागा सोडायची नाही असा हुकूम आहे. जोवर ठकठक चालू तोवर धोका नाही. ती थांबली म्हणजे दारू भरून झाली. एरवी माणूस आवाजाला भितो; इथे माणसे शांततेला भितात. रात्रंदिवस कान लावून बसलेले ते चेहरे! शेवटी त्यांची पाळी संपते, दुसरी तुकडी येते, हे निघून जातात, आणि मागे स्फोट होतो. सुटलेल्यांच्या तोंडावरचा आनंद आणि त्याची लाज एकदमच दिसते. टाळी कुठे द्यायची?

वाड्यातून आलेला हुकूम

स्टॅन्ली कुब्रिक यांचा १९५७ सालचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ पाहिला तेव्हा मला नोकरी लागली होती आणि वरून येणाऱ्या हुकमांची थोडी ओळख झाली होती. यात जर्मन जवळपास दिसतच नाहीत. फ्रेंच सेनापती मागे आलिशान वाड्यात बसून एक टेकडी घ्यायचा हुकूम देतात, कारण त्यात एकाची बढती आहे. तो जनरल खंदकातून पाहणी करीत चालतो आणि कॅमेरा त्याच्यापुढे मागे मागे सरत जातो. प्रत्येक शिपायाला तो ठरीव प्रश्न विचारतो. एक जण तोफांच्या माऱ्याने मनातून मोडलेला आहे. असा काही आजारच नसतो, असे म्हणून जनरल त्याला थोबाडीत देतो. नंतर त्याच खंदकातून कर्क डग्लसने केलेला कर्नल डॅक्स हल्ल्याआधी चालत जातो. खंदक तोच, चालणारा वेगळा, आणि भिंतीला टेकलेल्या त्याच माणसांकडे आपण वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागतो.

हल्ला फसतो. धडा म्हणून तीन शिपाई निवडून गोळ्या घालायचे ठरते. एक चिठ्ठीने निवडलेला, एक अधिकाऱ्याचे पाप ठाऊक असलेला, एक नकोसा म्हणून. रात्री कोठडीत त्यांतील एक जण झुरळाकडे पाहून म्हणतो, की उद्या आपण नसू आणि हे झुरळ असेल. दुसरा ते चिरडून टाकतो: घे, आता तू त्याच्यापुढे गेलास. या एका झुरळाने शंभर तोफांचे काम केले आहे. ही कथा हवेतली नव्हे. १९१५ च्या मार्चमध्ये फ्रेंच सैन्यात सूएँ येथे चार नाईक असेच उदाहरणादाखल मारले गेले आणि १९३४ साली त्यांना निर्दोष ठरविण्यात आले. फ्रान्समध्ये हा चित्रपट १९७५ पर्यंत लागला नाही.

त्याच्या शेवटी खानावळीत शिपायांपुढे एका पकडलेल्या जर्मन मुलीला उभे करतात. शिपाई शिट्या मारतात, आरडाओरडा करतात. ती रडत रडत गाऊ लागते. शिट्या थांबतात. शिपाई तिच्याबरोबर गुणगुणू लागतात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहते. बाहेर पुन्हा आघाडीवर जाण्याचा हुकूम येऊन पडलेला असतो. माझ्या टाळीचा याहून नेमका इतिहास मला कुणी सांगितलेला नाही.

पडद्याला वास नसतो

युद्धपट कितीही युद्धाच्या विरुद्ध काढला तरी पडद्यावर युद्ध आकर्षकच दिसते, अशा अर्थाचे फ्रान्सचे दिग्दर्शक त्रुफो म्हणत असत. त्यात तथ्य आहे. पडद्यावर चिखलालाही सौंदर्य येते. तात्यांचे म्हणणे याहून साधे होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, “तात्या, अगदी असंच असायचं का?” ते म्हणाले, “पडद्याला वास नाही. म्हणून बसवलं शेवटपर्यंत.” पुढे काही नाही.

आणखी एक उणीव या थोर चित्रपटांत आहे. त्यांत आपली माणसे नाहीत. १९१४ च्या शरदात हिंदी फौज फ्रान्सच्या खंदकांत उतरली, १९१५ च्या मार्चमध्ये न्यव्ह शापेलला लढली. तिथे १९२७ पासून तिचे स्मारक उभे आहे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात झिजल्या. आपल्याकडच्या कित्येक गावांत अजून दगडी पाट्या आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, इतके कामास आले. नावे नाहीत, आकडे आहेत. जर्मन, फ्रेंच, इंग्रज पोरांना त्यांचे माइलस्टोन आणि बेर्नार भेटले. आपल्या वाट्याला आकडा आला. ‘१९१७’ मध्ये एक शीख शिपाई चिखलात रुतलेली मोटार ढकलताना दिसतो, तेव्हा मी नातवाला थांबवून तो पुन्हा दाखवायला सांगितला.

मग मी त्याला म्हटले, तुझा चित्रपट मी पाहिला, आता माझा तू पाहा. दोन संध्याकाळी बसून आम्ही १९३० चा तो काळा-पांढरा बोलपट पाहिला. फ्रेंचांची लाट आली तेव्हा तो पुढे सरकून बसला. परतीची लाट आली तेव्हा काही बोलला नाही. जोडे पाहून म्हणाला, “आजोबा, २०२२ च्या जर्मन चित्रपटात असंच आहे. मेलेल्यांचे गणवेश धुऊन, रफू करून नव्या पोरांना देतात.” म्हणजे त्याचेही लक्ष होते. शेवटी पॉल फुलपाखरासाठी खंदकाबाहेर हात काढतो. कादंबरीत हे फुलपाखरू नाही, आणि पडद्यावरचा तो हात खुद्द माइलस्टोन यांचा आहे, नटमंडळी निघून गेल्यावर घेतलेला. गोळी लागते, हात आखडतो, थांबतो. खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही.

मग मी त्याला तात्यांची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, “तात्या कुठल्या पलटणीत होते? कुठे लढले?”

मला सांगता आले नाही. १९६८ साली ते गेले, तोवर सात वर्षे मी त्याच घरात वावरत होतो. त्या एका चहानंतर मी त्यांना पुन्हा काही विचारले नाही. त्यांची एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर आहे. या रविवारी ती खाली काढायची, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे.